नाव जवानाचं, कारभार कुणाचा? अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या राखीव कंत्राटांचा गैरवापर ओळखायचा आणि रोखायचा कसा

"फक्त एक व्हेटरन शोधायचाय. एक्कावन्न टक्के त्याच्या नावावर टाकू, बाकी सगळं आपणच बघायचं."

उत्तर व्हर्जिनियात एका ओळखीच्यांकडे जेवणाच्या रांगेत हे वाक्य मी ऐकलं. बोलणारे गृहस्थ सज्जन आहेत, मेहनती आहेत, दहा-बारा इंजिनिअरना काम देतात. आपण काही वावगं बोलतोय असं त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हतं. त्यांना ती एक युक्ती वाटत होती. मी सरकारी निविदांच्या कागदपत्रांचं काम करते, त्यामुळे मला त्या वाक्यात तुरुंगवास दिसत होता. आणि त्याच रांगेत नसलेला एक माणूसही दिसत होता: खरी कंपनी चालवणारा, खरा जखमी झालेला माजी सैनिक. हे कंत्राट त्याला मिळायला हवं होतं, पण मिळणार नव्हतं. हा लेख त्या दोघांसाठी आहे, आणि ज्याच्या नावावर ते एक्कावन्न टक्के टाकायचे असतात त्या तिसऱ्यासाठीही.

आपल्याला ही गोष्ट समजायला अवघड नाही. महिलांसाठी राखीव सरपंचपदावर बाई निवडून येते, सही तिची असते आणि कारभार नवरा हाकतो. त्याला आपण 'सरपंचपती' म्हणतो. अमेरिकेतल्या सरकारी कंत्राटांत या प्रकाराला 'रेंट-अ-व्हेट' म्हणतात, म्हणजे भाड्याने घेतलेला माजी सैनिक.

आधी योजना नेमकी काय आहे ते

१९९९ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ठरवलं, की केंद्र सरकारच्या कंत्राटांवर खर्च होणाऱ्या पैशांपैकी किमान ३ टक्के सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या छोट्या कंपन्यांकडे जावेत. २००३ मध्ये अशा कंपन्यांसाठी कंत्राटं राखून ठेवायची सोय झाली. माजी सैनिकांची रुग्णालयं चालवणाऱ्या व्हेटरन्स अफेअर्स खात्यासाठी २००६ मध्ये वेगळा, जास्त कडक अग्रक्रम आला. किंग्डमवेअर खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की हा अग्रक्रम खात्याच्या मर्जीवर नाही. किमान दोन पात्र कंपन्या रास्त दरात काम करू शकत असतील, तर ते काम राखीव ठेवावंच लागेल. पुढे ३ टक्क्यांचं उद्दिष्टही ५ टक्के झालं.

या सगळ्यात एक मोठं भोक राहिलं होतं. व्हेटरन्स अफेअर्स सोडून बाकीच्या खात्यांत कंपनीने स्वतःच 'आम्ही पात्र आहोत' असं लिहून दिलं की पुरत होतं. २००९ मध्ये सरकारी हिशेबतपासनीस कार्यालयाने फक्त दहा प्रकरणं खोलात तपासली, तर त्यांतच सुमारे १० कोटी डॉलरची कंत्राटं अपात्र कंपन्यांनी लाटलेली निघाली. कुणी मुळात अपंगत्व आलेला सैनिकच नव्हता, तर कुणी मिळालेलं काम थेट दुसऱ्याच अपात्र कंपनीकडे ढकललं होतं. १ जानेवारी २०२३ पासून प्रमाणपत्र देण्याचं काम स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनकडे, म्हणजे एसबीएकडे, आलं आणि राखीव कंत्राटांसाठी स्वयंघोषणेचे दिवस संपले. पण प्रमाणपत्र एका दिवसाची स्थिती सांगतं. पुढच्या तीन वर्षांत कंपनी कोण चालवतं हे त्यातून कळत नाही. म्हणून पुढच्या पायऱ्या.

पायरी १: माणूस पात्र आहे का

ही सर्वांत सोपी पायरी आहे. सैन्यातून बाहेर पडतानाचा डीडी-२१४ हा कागद आणि व्हेटरन्स अफेअर्सने दिलेलं सेवेशी निगडित अपंगत्वाचं पत्र लागतं. अपंगत्वाची टक्केवारी शून्य असली, तरी 'सेवेशी निगडित' असा निर्णय झालेला असेल तर माणूस पात्र ठरतो.

इथे एक गोष्ट तळमळीने सांगते. "हा तर चांगला हिंडता-फिरता दिसतो, कसला अपंग?" असं आपल्या गप्पांत सहज म्हटलं जातं. कानात अखंड वाजणारा आवाज, मणक्याची इजा, झोपेत परत येणारं युद्ध यांतलं काहीही बाहेरून दिसत नाही. गैरवापर रोखायचा म्हणजे माणसाच्या शरीराकडे संशयाने बघायचं नसतं. बघायचं असतं कंपनीच्या कारभाराकडे.

पायरी २: मालकीचे कागद ओळ न् ओळ वाचा

माजी सैनिकाकडे किमान ५१ टक्के मालकी थेट आणि बिनशर्त असायला हवी. बहुतेक लबाडी 'बिनशर्त' या शब्दापाशी सापडते. कंपनीच्या करारात पुढच्या गोष्टी शोधा:

- अमुक घडलं की माजी सैनिकाचे शेअर आपोआप दुसऱ्या भागीदाराकडे जातील, असं कलम.
- त्याने शेअर घेतले ते पैसे बिगरसैनिक भागीदारानेच कर्ज म्हणून दिलेत, आणि परतफेड कधी करायची याचा पत्ताच नाही.
- मोठ्या निर्णयांना 'सर्व भागीदारांची संमती' लागेल असं वाक्य. नवा भागीदार घेणं, कंपनी विकणं, विलीन करणं, गुंडाळणं, दिवाळखोरी जाहीर करणं अशा मोजक्या प्रसंगांत ते चालतं. रोजच्या खर्चाला, नोकरभरतीला किंवा निविदा भरायलाही संमती लागत असेल, तर ताबा त्याच्याकडे नाही.
- नफ्याची वाटणी. वार्षिक नफ्यातला किमान ५१ टक्के वाटा त्याच्या हक्काचा असायला हवा. मालकी एक्कावन्न आणि नफा दहा, असा करार दिसला की तिथेच थांबा.

इंटरनेटवरून उतरवलेला तयार करार जसाच्या तसा वापरणाऱ्या प्रामाणिक कंपन्याही इथे अडकतात. त्यात 'एकमताने' हा शब्द जागोजागी पेरलेला असतो आणि अर्ज फेटाळला जातो. वकिलाला आधीच सांगा, की ही कंपनी या योजनेत जाणार आहे.

पायरी ३: ताबा कुणाचा?

सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि वहिवाट दुसऱ्याची, हे आपण पिढ्यान् पिढ्या बघत आलो आहोत. शेत कुणाचं हे कळायला तलाठ्याच्या दप्तराइतकंच बांधावर जावं लागतं. इथेही तसंच आहे. नियम म्हणतो की दीर्घकालीन निर्णय आणि रोजचा कारभार दोन्ही माजी सैनिकाच्या हातात हवेत आणि कंपनीतलं सर्वोच्च पदही त्याच्याकडेच हवं. प्रत्यक्षात मी पाच ठिकाणी बघते.

पहिलं, वेळ. तो कामाच्या तासांत दुसरीकडे पूर्णवेळ नोकरी करत असेल, तर ताबा त्याच्याकडे नाही असं गृहीत धरलं जातं आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येते.

दुसरं, अंतर. कंपनीचं कार्यालय मेरीलँडमध्ये, बांधकामाची जागा व्हर्जिनियात आणि मालक राहतो अ‍ॅरिझोनात, असं असेल तर पुन्हा तेच गृहीतक लागू होतं. पण घरून काम करण्याच्या दिवसांत फक्त अंतरावरून निष्कर्ष काढू नका. तो तिथून नक्की काय करतो ते बघा.

तिसरं, पगार. बिगरसैनिक भागीदाराला किंवा व्यवस्थापकाला मालकापेक्षा जास्त पैसे मिळत असतील, तर त्याचं पटण्याजोगं कारण कागदावर हवं. एखादा दुर्मीळ कौशल्याचा माणूस बाजारभावाने घेतला, हे कारण चालू शकतं. मालकाला महिना ठरावीक रक्कम आणि उरलेलं सगळं दुसऱ्याला, अशी रचना असेल तर ते नावाचं भाडं झालं.

चौथं, बँक. चेकवर सही कुणाची? ऑनलाइन खात्याचा पासवर्ड कुणाकडे? मालकाने गेल्या महिन्यात स्वतः कोणतं बिल अडवलं किंवा मंजूर केलं? हे प्रश्न विचारले की बनावट रचना लगेच उघडी पडते, कारण खोट्या मालकाला कंपनीचे पैसे कधी दिसलेलेच नसतात.

पाचवं, परवाना आणि पूर्वीचा मालक. इलेक्ट्रिकल कामाचा परवाना माजी सैनिकाकडे असायलाच हवा असं नाही, पण परवानाधारकावर त्याची खरी देखरेख हवी. तो परवानाधारक कंपनीत भागीदारही असेल, तर प्रश्न अधिक टोकदार होतो. आणि माजी सैनिक पूर्वी ज्याच्याकडे नोकरीला होता तोच आता 'अल्पसंख्य भागीदार' म्हणून शेजारच्या खोलीत बसत असेल, तर सगळे कागद दुप्पट काळजीने वाचा.

कॅन्सस सिटीतल्या झीसन कन्स्ट्रक्शनच्या प्रकरणात सुमारे ३३.५ कोटी डॉलरची कंत्राटं अशाच मार्गाने मिळवली गेली. मालक कागदावर होता, कारभार इतरांचा होता. कंपनी 'छोटी' राहिली नाही, तेव्हा दुसऱ्या माजी सैनिकाला पुढे करून नवी कंपनी उभी केली गेली. हा नमुना लक्षात ठेवा: तीच माणसं, जवळपास तोच पत्ता, फक्त नाव नवं.

पायरी ४: काम प्रत्यक्ष कोण करतं

आपल्या आयटीतल्या मंडळींनी ही पायरी सर्वांत सावकाश वाचावी, कारण इथे हेतू वाईट नसतानाही नियम मोडतो.

राखीव कंत्राट जिंकणाऱ्या कंपनीने सेवांच्या कामात सरकारकडून मिळालेल्या रकमेच्या ५० टक्क्यांहून जास्त पैसे आपल्यासारखा दर्जा नसलेल्या पोटकंत्राटदारांना द्यायचे नाहीत. सर्वसाधारण बांधकामात ही मर्यादा ८५ टक्के आणि वायरिंग, प्लंबिंगसारख्या विशेष कामांत ७५ टक्के आहे. बांधकामात साहित्याचा खर्च या हिशेबातून वगळतात.

समजा, २० लाख डॉलरचं सॉफ्टवेअर देखभालीचं कंत्राट आहे. माजी सैनिकाच्या कंपनीचे स्वतःचे दोन कर्मचारी आहेत, बाकी आठ इंजिनिअर तुमच्या कंपनीकडून सी-टू-सी वर, म्हणजे कंपनीने कंपनीला बिल लावून, दिलेत आणि तुमचं बिल होतं १५ लाखांचं. मर्यादा १० लाखांची होती, म्हणजे ५ लाख जास्त गेले. दंड किती? जास्त दिलेली रक्कम किंवा ५ लाख डॉलर, यांतलं जे मोठं असेल ते. म्हणजे १० लाखांच्या मर्यादेवर १० लाख १० हजार गेले, तरी दंडाचा आकडा ५ लाखांपासूनच सुरू होतो.

यातली खाच अशी, की टेन-नाइन्टी-नाइन वर (नोकरीत न घेता, कराच्या त्या फॉर्मवर पैसे देऊन) घेतलेला स्वतंत्र सल्लागारसुद्धा पोटकंत्राटदार म्हणूनच मोजला जातो. "तो आमचाच माणूस आहे, आमच्याच ईमेलवरून काम करतो" हे म्हणणं उपयोगी पडत नाही. डब्ल्यू-टू वरचा, म्हणजे पगारी नोकरीतला, कर्मचारी तो आपला. दुसरी प्रमाणित माजी सैनिकांची छोटी कंपनी पोटकंत्राटदार असेल, तर तिने स्वतः केलेलं काम तुमच्या बाजूने धरलं जातं.

उपाय साधा आहे. एक तक्ता ठेवा: सरकारकडून मिळालेली रक्कम, समान दर्जाच्या कंपन्यांना दिलेली रक्कम, इतरांना दिलेली रक्कम आणि टक्केवारी. दर महिन्याला भरा. मूळ मुदत आणि त्यानंतरची प्रत्येक वाढीव मुदत यांचा हिशेब सहसा वेगवेगळा होतो, म्हणून वर्षअखेरीस जुळवू असं म्हणत बसू नका. तक्त्यावर दर तिमाहीला माजी सैनिक मालकाची सही घ्या. सही करण्यापूर्वी तो दोन प्रश्न विचारतो का, तेही बघा. पायरी ३ ची परीक्षा इथेच होऊन जाते.

टक्केवारी पाळली तरी आणखी एक फास उरतो. कंत्राटाचं मुख्य काम पोटकंत्राटदारच करत असेल, निविदेतला अनुभव त्याचा, व्यवस्थापक त्याचे, आणि जिंकणारी कंपनी त्याच्याशिवाय उभीच राहू शकत नसेल, तर दोघांना एकत्र धरून तपासलं जातं आणि 'छोटी कंपनी' हा दर्जाही जाऊ शकतो.

पायरी ५: प्रामाणिक अडचणीला प्रामाणिक वाट

मला सर्वांत जास्त वाईट याचं वाटतं, की बरेच माजी सैनिक लोभापायी या जाळ्यात जात नाहीत. ते बाँडपायी जातात. सरकारी बांधकामात काम पूर्ण करण्याची हमी देणारा बाँड लागतो आणि बाँड देणारी कंपनी भांडवल व जुना अनुभव मागते. नव्या कंपनीकडे दोन्ही नसतं. मग एखादा मोठा ठेकेदार म्हणतो, "हमीवर मी सही करतो, तू फक्त नाव दे." हमी दिलेल्या माणसाला नाही म्हणणं दर महिन्याला थोडं थोडं कठीण होत जातं. वर्षभरात कंपनी त्याची झालेली असते, एकही शेअर न हलता.

याला पर्याय आहेत. एसबीएची स्वतःची बाँड हमी योजना आहे आणि केंद्र सरकारच्या कंत्राटांसाठी ती १ कोटी ४० लाख डॉलरपर्यंत जाते. दुसरी वाट मेंटॉर-प्रोटेजे योजनेची. मोठी कंपनी गुरू म्हणून एसबीएकडे नोंदवायची आणि दोघांनी उघडपणे जॉइंट व्हेंचर (संयुक्त उपक्रम) करून राखीव निविदा भरायची. त्यात कारभाराची धुरा माजी सैनिकाच्या कंपनीकडे राहते आणि जॉइंट व्हेंचरच्या भागीदारांनी केलेल्या कामापैकी किमान ४० टक्के काम तिला करावं लागतं. हे काम फक्त हिशेब लिहिणं आणि फोन उचलणं अशा स्वरूपाचं चालत नाही. मोठी कंपनी तिच्याकडून शिकणाऱ्या छोट्या कंपनीत ४० टक्क्यांपर्यंत भागही घेऊ शकते. जेवणाच्या रांगेतल्या त्या गृहस्थांना जे हवं होतं, त्यातलं बरंचसं असं कायद्याने मिळतं. फक्त त्यात दुसऱ्या माणसाला खरोखर मोठं व्हावं लागतं.

पायरी ६: शंका असेल तर पाच दिवसांत हरकत

तुमची प्रमाणित कंपनी निविदेत हरली आणि जिंकणारी कंपनी बनावट वाटत असेल, तर दर्जाविषयीची हरकत कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरकडे, म्हणजे ते कंत्राट देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, द्यायची असते. मुदत आहे विजेत्याचं नाव कळवल्यापासून पाच कामकाजी दिवस. ऑफिसर ती एसबीएच्या सुनावणी कार्यालयाकडे पाठवतो. मुदत चुकली की बोलणं खुंटलं, त्यामुळे तयारी निकालाआधीच करून ठेवा.

"सगळ्यांना माहीत आहे" हा पुरावा नाही. मोघम हरकत वाचल्याबरोबर फेटाळली जाते. राज्याच्या नोंदणी कार्यालयातून कंपनीचे पदाधिकारी आणि पत्ता काढा. सॅम डॉट गव्ह या सरकारी कंत्राटदारांच्या नोंदणीच्या संकेतस्थळावर तोच पत्ता किंवा फोन दुसऱ्या मोठ्या कंपनीचा आहे का ते बघा. यूएसए स्पेंडिंग या सरकारी खर्चाच्या संकेतस्थळावर आधीची कंत्राटं तपासा. मालक स्वतःच्या व्यावसायिक प्रोफाइलवर दुसरीकडची पूर्णवेळ नोकरी मिरवत असेल, तर ते पान तारखेसह जपून ठेवा. कंपनी 'छोटी' नाही अशी शंका असेल, तर ती हरकत वेगळी. ती एसबीएच्या विभागीय कार्यालयात जाते.

मॅसॅच्युसेट्समधल्या लीजन कन्स्ट्रक्शनविरुद्ध २०१० मध्ये अशीच हरकत आली होती. तिला उत्तर देताना मागच्या तारखा टाकून कागद तयार केले गेले. १० कोटी डॉलरहून जास्त रकमेची कंत्राटं घेतलेल्या त्या कंपनीच्या खऱ्या सूत्रधाराला २०१६ मध्ये ३० महिन्यांची शिक्षा झाली.

पायरी ७: आतला माणूस असाल तर

लेखापाल, साइट इंजिनिअर, निविदा लिहिणारी मंडळी यांना सत्य सर्वांत आधी दिसतं. व्हेटरन्स अफेअर्स आणि एसबीए या दोन्हींच्या महानिरीक्षकांकडे तक्रारीची सोय आहे. फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट या १८६३ च्या कायद्यानुसार जागल्याला सरकारच्या वतीने खटलाही भरता येतो आणि वसुलीचा १५ ते ३० टक्के वाटा मिळू शकतो. नोकरीवरून काढलं तर परत घेण्याची आणि बुडालेल्या पगाराच्या दुपटीची तरतूद आहे. पण हा खटला सीलबंद, म्हणजे गुप्तपणे, दाखल होतो, त्यामुळे आधी वकील गाठा. सहकाऱ्यांशी, नातेवाइकांशी त्यावर बोलू नका. तुमच्या कामात तुमच्यासमोर येणारे कागद वेगळे आणि दुसऱ्याच्या कपाटातून काढलेले वेगळे. ही रेघ कुठे आहे ते वकिलालाच विचारा.

आणि सही आधीच करून बसला असाल तर

हे मी थेट त्या माजी सैनिकाला लिहिते आहे. तुमची मुलं मराठी शाळेत येत असतील किंवा तुम्ही आमच्या कुणाच्या शेजारी राहत असाल, म्हणून हे तुमच्यापर्यंत पोहोचावं असं वाटतं.

खोट्या दर्जावर मिळालेल्या कंत्राटात सरकारचं नुकसान किती, तर अख्ख्या कंत्राटाच्या रकमेइतकं असं कायदा गृहीत धरतो. काम उत्तम झालं, इमारत उभी राहिली, हा बचाव तिथे अपुरा पडतो. दिवाणी दाव्यात ती रक्कम तिप्पट होऊ शकते. फौजदारीत १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाख डॉलरपर्यंत दंड आहे. नोंदणीवरची सही तुमची आहे, म्हणून पहिला फोन तुम्हाला येईल.

आजच करायच्या गोष्टी या. नवी राखीव निविदा भरू नका. तुमचा स्वतःचा वकील गाठा. कंपनीचा नाही, कारण तो तुमच्या भागीदाराने नेमलेला असतो. मालकीत किंवा कारभारात बदल झाला असेल, तर तो ३० दिवसांत एसबीएला कळवायचा असतो. मुदत उलटली असली तरी कळवायचं कसं, ते वकिलाकडून समजून घ्या. एकही ईमेल पुसू नका. कुणी मागच्या तारखेचा ठराव पुढे केला, तर त्यावर सही करू नका. आणि बँकेत स्वतः जाऊन, ओळखपत्र दाखवून, तुमच्याच कंपनीच्या खात्याचे उतारे मागून घ्या.